नवख्याला लिनक्स लावून देताना

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षकांचा लॅपटॉप मी लिनक्सवर नेला, तेव्हा सगळं काम तासाभरात उरकलं होतं. चूक तिथेच झाली. त्यांच्या खुर्चीत मी बसलो होतो आणि ते शेजारी स्टुलावर. चहा आला, पडद्यावर निळी पट्टी सरकत राहिली, "झालं बघा काका" म्हणून मी उठलो. तिसऱ्या दिवशी फोन आला. "अरे, दिसतंय छान, पण परवा लिहिलेलं पत्र कुठे गेलं ते सापडत नाही. आणि मराठी कसं आणायचं रे?"

तेव्हापासून खुर्चीत ते बसतात आणि स्टुलावर मी. वेळ दुप्पट लागतो, पण तिसऱ्या दिवशीचा फोन येत नाही. हा लेख स्टुलावर बसणाऱ्यासाठी आहे. तुम्ही स्वतः लिनक्स वापरता आणि आता आत्याबाईंचा, मित्राचा किंवा शेजारच्या काकांचा लॅपटॉप समोर आला आहे, असं धरून चाललो आहे.

आधी माणसाला विचारा

सध्या बरेच जण एकाच कारणाने येतात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्यामुळे २०१५-१६ चा धडधाकट लॅपटॉप एकदम 'जुना' ठरतो. अशा यंत्राला लिनक्स उत्तम. पण यंत्राला चालतं ते माणसाला चालेलच असं नाही.

"कॉम्प्युटरवर काय करता?" असं विचारलं की "काही नाही, इंटरनेट" एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा गेल्या आठवड्यात काय काय केलं ते उघडून दाखवायला सांगा. ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप वेब, वीजबिल, नातवंडांचे फोटो, यूट्यूब, एखादं पत्र एवढंच निघालं तर निर्धास्त पुढे जा. काही गोष्टी दिसल्या तर मात्र थांबा. टॅली विंडोजवरच चालतं. श्रीलिपीसारखं डीटीपीचं सॉफ्टवेअरही तसंच, आणि त्याला डोंगल (परवान्याची यूएसबी चावी) असेल तर त्या वाटेला जाऊच नका. सरकारी निविदा किंवा जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन वापरत असतील, तर त्या टोकनच्या कंपनीकडे लिनक्सचा ड्रायव्हर आहे का हे आधी बघा. हिशेबनिसाच्या लॅपटॉपवरून विंडोज पुसणं हा उपकार नव्हे.

जुन्या मराठी फाइलींचंही आत्ताच विचारून घ्या. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड नसतो. आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर आयुष्यभराची व्याख्यानं अगम्य चिन्हांचा ढीग होऊन उघडतात, आणि दोष लिनक्सच्या माथी येतो. अशा फाइली असतील तर जुन्या विंडोजवरच त्यांच्या पीडीएफ करून ठेवा. ज्या पुढे सुधारायच्या असतील त्या फॉन्ट-परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा. हे काम कंटाळवाणं आहे, पण विंडोज शाबूत आहे तोवरच सोपं आहे.

कोणतं लिनक्स

यावर वाद घालायला रात्र पुरत नाही, म्हणून थोडक्यात. मी नवख्याला लिनक्स मिंट देतो. खाली डावीकडे मेन्यू, उजवीकडे घड्याळ, खिडकी बंद करायची फुली ओळखीच्या जागी. विंडोजवरून आलेल्या माणसाचा हात आपोआप बरोबर ठिकाणी जातो. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. म्हणजे दर सहा महिन्यांनी तुम्हाला बोलावणं येणार नाही. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन आवृत्ती घ्या, ४ जीबी असेल तर हलकी एक्सएफसीई. २ जीबीवरही मिंट सुरू होतं, पण आजचे ब्राउझर तेवढ्यात गुदमरतात.

तुम्ही स्वतः फेडोरा किंवा डेबियन वापरत असाल तर तेच द्या. फोनवरून "वर उजवीकडे काय दिसतंय?" असं विचारताना तुमच्या डोळ्यांसमोरही तेच चित्र असायला हवं. आर्च आणि फ्रीबीएसडी मात्र स्वतःच्या हौसेसाठी राखून ठेवा.

पुसण्याआधी

बॅकअप घेताना 'डॉक्युमेंट्स' फोल्डरवर विसंबू नका. लोकांच्या फाइली डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये आणि डी ड्राइव्हच्या 'न्यू फोल्डर (३)' मध्ये असतात. बाहेरच्या हार्डडिस्कवर सगळं उतरवा आणि दोनचार फोटो, एखादा व्हिडिओ तिथूनच उघडून बघा. जुना पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथे अडतो. तो पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, लिनक्सला ती पद्धत वाचता येते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड विसरू नका, कारण त्या माणसाला त्यातला एकही पाठ नसतो.

दोन्ही सिस्टिम शेजारी-शेजारी ठेवायच्या असतील तर विंडोजमध्ये आणखी दोन गोष्टी करा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर विभागात जाऊन 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. दुसरी गोष्ट बिटलॉकर. बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असते आणि मालकाला त्याची कल्पनाच नसते. बूटच्या सेटिंगला हात लावला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आधी शोधून कागदावर उतरवा, मगच पुढचं पाऊल टाका.

जुन्या लॅपटॉपला फिरणारी हार्डडिस्क असेल तर माझा सल्ला ठाम आहे: २.५ इंची साटा एसएसडी आणा. नव्या सिस्टिमपेक्षा वेगाचा मोठा फरक त्या एका भागाने पडतो. काढलेली हार्डडिस्क तशीच कागदात गुंडाळून कपाटात ठेवा. तोच बॅकअप आणि तीच परतीची वाट. काही बिनसलं तर डिस्क परत बसवली की जुनं विंडोज जसंच्या तसं. "परत जाता येईल ना?" या प्रश्नाला एवढं खणखणीत उत्तर दुसरं नाही, आणि ते मिळालं की समोरच्याचे खांदे सैल पडतात.

पेनड्राइव्हवरून चालवून बघणं

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉल करायची अख्खी डिस्क एका फाइलमध्ये, साधारण ३ जीबीची आहे. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून देवळाच्या ट्रस्टचा हिशेब असलेला पेनड्राइव्ह हाती येणार नाही याची काळजी घ्या. फाइल मिंटच्या अधिकृत साइटवरूनच घ्या आणि उतरल्यावर चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरल्याची खूण पटवणारा आकडा, जुळवा. तुमच्याकडे मिंट असेल तर फाइलवर उजवी क्लिक केली की तपासण्याचा आणि पेनड्राइव्ह बनवण्याचा पर्याय तिथेच मिळतो. विंडोजवर रूफस किंवा बलेना एचर वापरा. अर्धवट उतरलेल्या फाइलने खाल्लेल्या संध्याकाळी आठवल्या की चेकसमची दोन मिनिटं जड वाटत नाहीत.

पेनड्राइव्हवरून सुरू करण्याचं बटण प्रत्येक कंपनीचं निराळं. डेल आणि लेनोवोला बहुधा एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरलाही एफ१२, पण तो मेन्यू बऱ्याचदा बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन आधी चालू करावा लागतो. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारं कुलूप) बंद करायची घाई नको, मिंट त्याच्यासकट सुरू होतं.

आता पडद्यावर मिंट आलं आहे, पण डिस्कवर काहीच बदललेलं नाही. हा टप्पा बहुतेक जण पाच मिनिटांत उरकतात. मी निदान तासभर काढतो. खुर्चीतल्या माणसाला वाय-फाय स्वतः जोडू द्या. यूट्यूबवर त्यांना आवडणारं भजन नाहीतर क्रिकेटची झलक लावायला सांगा, म्हणजे आवाजाचीही परीक्षा होते. कॅमेरा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं, प्रकाश कमी-जास्त करायची बटणं तपासा. लॅपटॉप मिटून पुन्हा उघडा, कारण झोपलेला लॅपटॉप जागा न होणं ही जुन्या यंत्रांची नेहमीची खोड. प्रिंटर घरात असेल तर आत्ताच जोडा. पेनड्राइव्हवरून सगळं जरा हळू चालतं, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिलं मत तिथेच बनतं.

'डिस्क्स' नावाच्या प्रोग्रॅममध्ये हार्डडिस्कची 'स्मार्ट', म्हणजे तब्येतीची, माहिती दिसते. तिथे खराब सेक्टरांचा आकडा वाढलेला असेल तर त्या डिस्कवर काहीही बसवू नका.

वाय-फाय दिसलंच नाही तर घाबरू नका. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपांचा ड्रायव्हर वेगळा उतरवावा लागतो, आणि तो उतरवायला इंटरनेट हवं, असा पेच. फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते साधं वायरचं नेटवर्क वाटतं आणि लगेच चालतं.

इन्स्टॉल करताना

डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' या चित्रावर त्यांनाच क्लिक करू द्या.

पहिला प्रश्न भाषेचा. मिंट मराठीतही येतं, पण भाषांतर सगळीकडे पोचलेलं नाही. शिवाय अडचण आल्यावर शोधाशोध करायची ती बहुतेक इंग्रजी नावांनीच. इंग्रजी वाचणाऱ्याला मी इंग्रजीच ठेवतो. ज्यांना मराठीच सोपं पडतं त्यांना मराठी द्या आणि शेजारी बसून दोनदा सगळे मेन्यू फिरून या.

कीबोर्ड निवडताना भारताच्या यादीतला रुपयाच्या चिन्हासह असलेला इंग्रजी पर्याय घ्या. बाकी सगळं नेहमीसारखं, आणि उजवं ऑल्ट धरून ४ दाबलं की ₹ उमटतं. त्यानंतर मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत बरोबरची खूण करा, नाहीतर जुने व्हिडिओ मुके राहायची शक्यता असते.

मग येतो जोखमीचा प्रश्न: विंडोजच्या शेजारी, की सगळं पुसून? डिस्क एकच असेल आणि मनात जराही शंका असेल तर शेजारी. त्यासाठी जागा आधी विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट'मधून मोकळी करून ठेवा, ते जास्त सुरक्षित. मिंटला किमान २० जीबी लागतात, पण १०० जीबी दिलेत तर पुढे कुरकूर होत नाही. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर त्याचं कारण बायोसमधलं आरएसटी किंवा व्हीएमडी हे डिस्क हाताळायचं सेटिंग असतं. ते बदलून एएचसीआय करावं लागतं. विंडोज ठेवायचं असेल तर हा बदल सरळ करू नका, त्याने विंडोज सुरू व्हायचं थांबतं. आधी त्याला सेफ मोडमधून तयार करावं लागतं.

'पुसून टाका' निवडलंत तर शेवटच्या बटणाआधी कोणती डिस्क हे मोठ्याने वाचा. दोघांनी. बॅकअपची हार्डडिस्क त्या वेळी जोडलेली नसावी.

वेळेच्या नकाशात कोलकाता येतं. यूजरनेम छोट्या इंग्रजी अक्षरांत. पासवर्ड त्यांनीच ठरवायचा आणि त्यांनीच टाकायचा. तुम्ही ठरवलेला पासवर्ड हा तुम्हालाच येणारा पुढचा फोन असतो.

पहिली संध्याकाळ

लॅपटॉप पुन्हा सुरू होऊन थेट विंडोजमध्येच गेला, तर बायोसमधल्या बूटच्या क्रमात लिनक्स वर आणा. दोन्ही सिस्टिम असतील तर विंडोजचं घड्याळ कधीकधी बरोबर साडेपाच तास मागे दिसतं. यंत्रात बिघाड नाही. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजतं. मधला फरक साडेपाच तासांचा. लिनक्सला यंत्राचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितलं की भांडण मिटतं.

सगळ्यात आधी टाइमशिफ्ट उघडून पहिला स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची आहे तशी प्रत, घ्या, मगच अपडेट मॅनेजरमधून सगळे अपडेट. क्रम असाच ठेवा, कारण अपडेटने काही बिघडलं तर मागे जायला जागा हवी. मात्र टाइमशिफ्ट सिस्टिम जपतं. फोटो आणि पत्रं त्यात धरलेली नसतात. हा फरक काकांना दोनदा समजावून सांगा. त्यांच्या फाइलींसाठी महिन्याला एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत काढायची सवय लावा. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून काही सुचवतोय का ते बघा. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ड्रायव्हर बसवताना सिक्युअर बूटसाठी एक तात्पुरता पासवर्ड विचारला जातो. तो पुढच्या वेळी सुरू होताना निळ्या पडद्यावर परत मागितला जातो. त्या पडद्याला घाबरून लॅपटॉप बंद केलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग एक सवय मोडायची असते. विंडोजवाला माणूस प्रोग्रॅम हवा की गुगलवर शोधतो, पहिल्या दुव्यावर जातो आणि एक्सई फाइल उतरवतो. ती इथे चालत नाही, हे चांगलंच आहे. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडून त्यांच्याच हाताने एक प्रोग्रॅम बसवायला आणि काढायला लावा. व्हीएलसी त्यासाठी बरा.

लिब्रेऑफिसमध्ये त्यांची एक जुनी वर्डची फाइल उघडून दाखवा. कॅलिब्री आणि कँब्रियाच्या जागी कार्लिटो आणि कॅलाडिया हे त्याच मापाचे फॉन्ट येतात, त्यामुळे इंग्रजी मजकूर फारसा हलत नाही. मराठीत मंगलसारखा मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट वापरला असेल तर मात्र ओळी वरखाली होतात. छापायला किंवा कार्यालयात द्यायची प्रत म्हणून पीडीएफ पाठवायची, हे इथेच सांगून टाका.

मराठी टाइप करणं

पहिल्या लॅपटॉपवर मी हेच विसरलो होतो, आणि काकांसाठी तोच खरा कॉम्प्युटर होता.

वाटा दोन. इनस्क्रिप्ट (देवनागरीची ठरलेली कीबोर्ड-मांडणी) येत असेल तर काम सोपं: कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीत मराठी जोडा, झालं. रोमन अक्षरांनी लिहिणाऱ्यांना 'आयबस' आणि त्याचा 'एम१७एन' हा जोड बसवावा लागतो. मग आयबसच्या पसंतीत मराठी निवडलं की फोनेटिक, आयट्रान्स असे पर्याय दिसतात. गमभन या टायपिंगच्या पद्धतीची सवय असलेल्यांसाठी त्या यादीत गमभनही आहे. लॉग-आउट करून परत आत आल्याशिवाय हे लागू होत नाही, आणि याच ठिकाणी लोक "चालत नाही" म्हणून सोडून देतात.

अजून काहीच येत नसेल तर मी इनस्क्रिप्ट शिकवतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. क आणि ख एकाच बटणावर, ग आणि घ एकाच. ज्याला बाराखडी येते त्याला ही मांडणी आठवड्यात कळते. मराठीला लागणारा अर्धा र, म्हणजे 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या' यांतला, बहुतेकांना सापडत नाही. शिफ्ट धरून जे, मग हलन्तासाठी डी, मग य साठी तिरकी रेघ: ऱ्य. ळ शिफ्ट आणि एन वर. हे दोन दाखवले की काका एकदम खूश होतात.

भाषा बदलायचं बटण ठरवून द्या आणि पट्टीवर सध्या कोणती भाषा आहे ते चिन्ह दिसू द्या. लॉक पडद्यावर मराठी चालू राहिलं तर पासवर्ड कितीही बरोबर टाकला तरी नाकारला जातो. "पासवर्ड चुकतोय" असा फोन आला की माझा पहिला प्रश्न हाच असतो.

लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, मग भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसाठी मराठी निवडा. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथे इंग्रजीपेक्षा वेगळे ठरतात, हेही लक्षात ठेवा. मजकुराची भाषा हिंदी राहिली तर ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं आहेत त्यात ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. भाषा मराठी केली की आपले येतात. शाळेत सुलेखन शिकवलेल्या माणसाला हा फरक लगेच टोचतो. लोहित मराठी, मुक्त, बालू हे फॉन्ट फुकट आणि खुले आहेत. दोनतीन घालून द्या, वीस नकोत.

प्रिंटर

एअरप्रिंट किंवा आयपीपीवर चालणारे नवे प्रिंटर ड्रायव्हरशिवाय दिसतात. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांना एचपीलिप सांभाळतं. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांतून आणि कार्यालयांतून दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र कॅननच्या स्वतःच्या 'कॅप्ट' नावाच्या पद्धतीवर चालतो आणि लिनक्सवर वेळ खातो. तो घरात असेल तर पहिल्या संध्याकाळी त्याच्या मागे लागू नका. पीडीएफ फोनवर पाठवून छापून आणता येते.

वही

शेवटी एक शंभर पानी वही घ्या. त्यात त्यांच्या अक्षरात, त्यांच्या शब्दांत लिहू द्या: फाइल कुठे ठेवायची, मराठी कसं आणायचं, फोटो फोनवरून कसे घ्यायचे, अपडेटचं ढालीसारखं चिन्ह दिसलं की काय करायचं. तुम्ही लिहून दिलेली वही कोणी उघडत नाही. पासवर्ड मात्र या वहीत नको, तो देवघरातल्या डबीत बरा.

टर्मिनल पहिल्या दिवशी दाखवू नका. त्यांनी विचारलं तर जरूर दाखवा, आणि इंटरनेटवरची आज्ञा न समजता तिथे चिकटवायची नाही हेही त्याच वेळी सांगा.

आठवड्याने एक चक्कर मारा, मग महिन्याने एक. पहिल्या चकरेत काही दुरुस्त करू नका. "काय काय केलंत ते दाखवा" म्हणा आणि माउस कुठे अडखळतो ते स्टुलावरून बघा. महिन्याच्या चकरेत टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट पडताहेत ना, डिस्कमध्ये जागा किती उरली आहे आणि बाहेरच्या डिस्कवर प्रत निघाली का, एवढं तपासा. कपाटातली जुनी हार्डडिस्क सहा महिने तशीच राहू द्या. काकांनी त्यांची दोन वर्षांनी मला परत दिली. वर कागद चिकटवला होता, मराठीत टाइप केलेला: 'जुने विंडोज. लागले नाही.'